बेलभंडाऱ्याचे पाच दिवस

मेंढीचा गुर्दा चरबीसकट घेतला, तर त्या चरबीत, गुर्द्याच्या टोकाशी, पावट्याच्या दाण्याएवढी एक तांबूस गाठ सापडते. कापली तर कडेला पिवळट आणि आत करडी दिसते. खाटकाकडे तिला नाव नाही. ती शोधायला मला पहिल्या वेळी पाऊण तास लागला होता. माझ्या भावाला दोन मिनिटेही लागली नाहीत.

सोलापुरातला तीस सालचा लष्करी कायदा उठून दीड वर्ष झाले होते. मी पुण्याहून बी.एस्सी. होऊन सोलापूरला परतलो होतो आणि एका हायस्कुलात सायन्स शिकवत होतो. वर्गात दाखवायला बाटलीत ठेवलेल्या दोन-चार गाठी हव्या होत्या, म्हणून एका रविवारी सकाळी खाटकाकडून गुर्दे आणून मी ओसरीवर फळी टाकून बसलो. आमची खोली साखर पेठेच्या मागच्या बोळात, तेलंगी विणकरांच्या वस्तीत होती. दोन्ही बाजूंना माग खडखडत असायचे. आम्ही मूळचे सांगोल्याकडचे, मेंढरेवाले. वडील वारले, कुरणे गेली, मेंढरे गेली, आणि अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ बिरदेव, मिलच्या बॉयलरवर कोळसा ओढायला लागला.

अण्णा बाहेरून आला तेव्हा मी चरबी चिमट्याने सोलत होतो.

"आये, बघ गं," तो दारातूनच ओरडला, "बी.एस्सी. झाला आन् गुर्दं चिवडाय लागला. ह्येच करायचं हुतं तर खाटकाकडं ठिवला असता की, फी तरी वाचली असती!"

आई आतून हसली. अण्णा उकिडवा बसला, माझ्या हातातला गुर्दा काढून घेतला, आणि न बघता नुसत्या अंगठ्याने चरबी दाबत गेला. "ही व्हय?" गाठ त्याच्या नखावर होती.

"हीच. हिला तुम्ही लोक काय म्हणता?"

"आमी लोक? आन् तू कोण रं, कलेक्टर?" मग गाठ उन्हात धरून तो म्हणाला, "हिला नाव न्हाय. खात न्हाईत, टाकतबी न्हाईत. चरबीसंगं जाती."

मी त्याला सांगितले, ही ग्रंथी आहे. मेंढराला लांडग्याचा वास आला की ही गाठ रक्तात एक रस सोडते. त्या रसाने काळीज धडधडते, अंगावर काटा येतो, पायांत बळ येते. माणसालाही अशा दोन गाठी असतात.

"म्हंजी आतलं कुत्रंच की," अण्णा म्हणाला. "लांडगा आला की भुकतंय."

इतकी चांगली व्याख्या मला पुस्तकात मिळाली नव्हती. मी तसे म्हणालो. तो खूश झाला, आणि गाठ फळीवर ठेवत, माझ्याकडे न पाहता म्हणाला, "मास्तर, माझं कुत्रं लांडगा नसतानाबी भुकतंय. रानात एकटा झोपत हुतो तवा कदी भुकलं न्हाय. आता शिट्टी झाली तरी भुकतंय, मुकादम खाकरला तरी भुकतंय. दोन घोट पोटात गेलं की मग गप बसतंय."

"तसं नाही अण्णा. उलट आहे. दारूनंच ते जास्त भुंकतं. प्राण्यांवर प्रयोग करून बघितलंय, दारू टोचली की त्यांच्या रक्तात हाच रस वाढतो."

"मग असंल," तो म्हणाला. "पुस्तक कशाला झुट बोलंल?"

त्याच्या तोंडाला त्या वेळी वास येत होता आणि त्याचा हात अगदी स्थिर होता. पहाटे तोच हात इतका थरथरत असे की आई त्याला चहाची बशी तोंडाशी धरून पाजायची. दारूच्या दुकानाकडे जाऊन आला की थरथर बंद. हे मी रोज बघत होतो. दोन गोष्टी शेजारी मांडून तिसरी काढणे, हेच मला चार वर्षे शिकवले गेले होते. ती दोन निरीक्षणे मी शेजारी मांडली नाहीत.

*

त्याच दिवशी दुपारी कोंडीबा आले. कोंडीबा म्हणजे अण्णाचे सासरे, नातेपुत्याकडचे. अण्णाची बायको, माझी कस्तुरावहिनी, दसऱ्यापासून माहेरी होती. अण्णा प्यायलेला असताना चुलीपाशी तोल जाऊन पडला, आधणाचे भांडे कलंडले आणि पाच वर्षांच्या बजाचा हात भाजला. वहिनी रडली नाही, भांडली नाही. पोरीचा हात फडक्यात गुंडाळून दुसऱ्या दिवशी निघून गेली. तेव्हापासून अण्णा दुप्पट पीत होता.

कोंडीबांनी डोक्यावरची घोंगडी काढून अंथरली, तिच्यावर आमच्या देव्हाऱ्यातला बिरोबाचा टाक ठेवला, आणि शेजारी बेलाची पाने आणि भंडाऱ्याची पिशवी ठेवली.

"जावईबापू, मी भांडाय आलू न्हाय," ते म्हणाले. "बेलभंडारा उचला. हितनं म्होरं तोंडाला लावणार न्हाय म्हणून देवाला सांगा. ह्यो रविवार ते त्यो रविवार. आठ दिस तुमी कोरडं ऱ्हायला, तर त्या रविवारी मी सोता कस्तुराला आन् बजीला हितं आणून सोडतू. न्हाय ऱ्हायला, तर मला पुन्यांदा त्वांड दाखवू नगा."

अण्णा टाकाकडे बघत बसला. बेलभंडारा उचलून मोडला तर वंश बुडतो, अशी आमच्यात भीती आहे. कोर्टात खोटे बोलणारा माणूसही बेलभंडाऱ्यावर खोटे बोलत नाही.

"मामा," तो हळूच म्हणाला, "एकदम न्हाय जमायचं. ह्या आठवड्यात निम्मी करतू. म्होरल्या आठवड्यात त्याच्या निम्मी. मग सोडतू. खरंच सोडतू."

कोंडीबा माझ्याकडे वळले. "शिकल्यालं काय म्हणतंय?"

घरातल्या मोठ्या प्रश्नात मला कुणी प्रथमच विचारले होते. आई दारात येऊन उभी राहिली. अण्णाही माझ्याकडेच बघत होता, आणि त्याच्या नजरेत विनंती होती, हे मला तेव्हाही कळले होते.

मी म्हणालो, "एकदम. थोडी थोडी करून कुणाची सुटत नाही. विष आहे, ते निम्मं कशाला घ्यायचं? पहिले दोन-तीन दिवस जड जातील, मग शरीर आपोआप शांत होईल."

आणि अण्णाकडे वळून त्याला समजेल असे म्हणालो, "लांडगाच नाही राहिला तर कुत्रं कशाला भुंकेल, अण्णा?"

त्याने दोन्ही हातांत बेल आणि भंडारा उचलला. भंडारा त्याच्या बोटांतून घोंगडीवर गळत होता. कोंडीबांचे डोळे भरून आले. आईने माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

*

मी वही केली. हे मला लपवायचे नाही. एक माणूस दारू सोडतो आहे, त्याच्या ग्रंथी शांत होत जाणार आहेत, आणि ते माझ्या डोळ्यांसमोर घडणार आहे. अशी संधी पुण्याच्या प्रयोगशाळेत मिळाली नसती. माझ्याकडे कॉलेजात बक्षीस मिळालेले सेकंदकाट्याचे घड्याळ होते. सकाळ-संध्याकाळ नाडी मोजायची, घाम, झोप, भूक टिपायची, असे मी ठरवले. शाळेतून रजा घेतली. अण्णाही कामावर गेला नाही.

सोमवारी नाडी शहाण्णव. हात थरथरत होते, पण तो थट्टा करत होता. "मास्तर, किती भरलं? पास का नापास?" बाजूच्या मागाचा धोटा आपटला की तो दचकायचा आणि लगेच हसायचा.

मंगळवारी नाडी एकशे बारा. घामाने बंडी पिळून काढावी इतकी भिजली. भाकरीचा तुकडा तोंडात धरून बसला, गिळेना. आईच्या बांगड्या वाजल्या तरी अंग चोरायचा. त्या रात्री तो झोपला नाही. मी वहीत लिहिले: "साठलेला रस बाहेर पडत असावा. उद्यापासून उतार अपेक्षित."

बुधवारी सकाळी तो खाटेखाली हात घालून काहीतरी ओढत होता.

"काय करतोस अण्णा?"

"कोकरू अडाकलंय." त्याने अगदी साध्या आवाजात सांगितले. मग मान वर करून बोळाच्या दिशेने शीळ घातली, मेंढरे वळवायची शीळ, जी मी दहा वर्षांत त्याच्या तोंडून ऐकली नव्हती. "हुर्र, हुर्र, फिरा की मागं! आये, दार लाव, समदी रस्त्यावर चालली!"

त्याचे सगळे अंग कापत होते. डोळे मोठे झाले होते आणि त्यांतल्या बाहुल्या काळ्याभोर पसरल्या होत्या. चेहरा घामाने चमकत होता. आईने एक क्षण त्याच्याकडे बघितले, आणि हातातले सूप खाली टाकून भंडाऱ्याच्या पिशवीकडे धावली.

"बिरुबा आला," ती म्हणाली. "माज्या बिरदेवाच्या अंगात बिरुबा आला रं! भंडारा उचलला, देवानं पदरात घेतलं."

आमच्यात अंगात येते ते असेच येते. माणूस कापतो, घामेजतो, मेंढरांच्या भाषेत बोलतो. आईने चाळीस वर्षे जे बघितले होते, तेच ती आता बघत होती. तिने अण्णाच्या कपाळाला भंडारा लावला आणि त्याच्या पायांवर डोके ठेवले. आपल्या मुलाच्या.

तासाभरात बोळ भरला. सांगोल्याकडची, मंगळवेढ्याकडची आमची माणसे मिलमध्ये होती, त्यांना कळले. कुणीतरी ढोल आणला. आमच्यात देव अंगात आलेला माणूस पुढच्या सालाचे भविष्य सांगतो, त्याला हुईक म्हणतात. लोक हुईक ऐकायला दाटीवाटीने बसले. अण्णा भिंतीकडे बोट करून ओरडला, "काळं! काळं येतंय! समदं काळं!" आणि एक म्हातारा गंभीरपणे म्हणाला, "पाऊस लई हाय म्हणतोय अवंदा." दुसरा म्हणाला, "पाऊस कसला? काळं म्हंजी कोळसा. मिल वाढणार." त्यावर दोघांत वाद झाला. ईश्वरप्पा नावाचा लिंगायत दुकानदार, ज्याचा आमच्या देवाशी काही संबंध नव्हता, तोही चपला काढून पुढे आला आणि त्याने विचारले, "देवा, माझ्या मुलीचं लग्न ह्या सालात जमतं का?"

अण्णाने त्याच्याकडे बघितले आणि किंचाळला, "पळ! पळ तितनं, लांडगा हाय!"

"जावई चांगला नाही म्हणतोय," ईश्वरप्पा खिन्न होऊन मागे सरला.

मला हसू आले होते. मी कोपऱ्यात वही घेऊन बसलो होतो आणि मनातल्या मनात त्या सगळ्यांची कीव करत होतो. देव वगैरे काही नाही, ही दोन पावट्यांएवढ्या गाठींची करणी आहे, हे त्या खोलीत मला एकट्याला माहीत होते. ते बरोबर होते. संध्याकाळी गर्दी कमी झाल्यावर मी नाडी मोजली. एकशे अठ्ठावीस. उतार नव्हता. मी वहीत लिहिले: "अपेक्षेपेक्षा उशीर."

*

गुरुवारी सकाळी त्याला शुद्ध आली. आई पाणी आणायला गेली होती. त्याने मला ओळखले, खुणेने जवळ बोलावले आणि माझा हात धरला. त्याचा हात पाण्यातून काढल्यासारखा ओला होता.

"ज्ञानू, एक घोट दे."

"अण्णा, आज गुरुवार. तीन दिवस राहिले."

"रविवार लई लांब हाय रे." तो दम घेत बोलत होता. "आयेला सांगू नगंस. देवाचं पाप माझं मला लागू दे. एकच घोट. हे आतलं कुत्रं मला फाडतंय, ज्ञानू. मी घरात हाय का रानात हाय, मला कळंना झालंय."

"वहिनी यायची आहे. बजा यायची आहे."

"म्हणून तर." मग तो एका वेगळ्याच, नम्र आवाजात म्हणाला, जसा तो मुकादमाशी बोलत असेल, "तुज्या पुस्तकात बघ की जरा. एका घोटाचं काय लिवलंय?"

मी खरोखरच पुस्तक काढले. त्याच्यासमोर पाने उलटली. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. दारूने रस वाढतो, असे त्यात होते. मांजरांवरचे, कुत्र्यांवरचे आकडे होते. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्या माणसाची दारू एका रविवारी काढून घेतली तर त्याचे काय होते, याबद्दल त्या पानावर एक ओळही नव्हती. जे लिहिलेले नाही ते घडत नाही, असे मी धरून चाललो.

"नको म्हणतंय," मी म्हणालो.

"बरं," अण्णा म्हणाला आणि भिंतीकडे वळला.

दुपारी तो पुन्हा मेंढरांत गेला. ढोल सुरू झाला. तेव्हा शेजारची सुंदरम्मा पदराखाली काहीतरी झाकून मागच्या दाराने आली. ती पन्नाशीची, तेलंगी बाई. तिचे मराठी तुटक होते, पण आवाज मागावर ओरडून ओरडून मोठा झालेला. तिने पदर बाजूला केला. पितळेचा छोटा चंबू होता. शिंदीचा आंबूस वास आला.

"मास्तर, हे जरा जरा पाजा," ती म्हणाली. "देव नाही हे. आमच्या मामंजीला असंच झालं होतं. सण आला म्हणून घरच्यांनी एकदम बंद केलं. त्यांना भिंतीवर साप दिसायचे. मग आमच्या अत्तम्मानं, सासूनं, चमच्यानं शिंदी पाजली, झोपले. नंतर थोडं थोडं कमी केलं."

"सुंदरम्मा, त्यानं शपथ घेतलीय."

"शपथ मेलेल्या माणसाला काय कामाची?" ती म्हणाली. "तुम्ही एवढे शिकलात, एक चमचा तर आहे."

तेवढ्यात आई आत आली. तिने चंबू बघितला आणि तिचा चेहरा बदलला. "देव अंगात हाय आन् तू शिंदी आणतीस व्हय गं? बाटवतीस माझ्या लेकराला? आठ दिसांतलं चार गेलं, सून माझी दारात यायची हाय, आन् तू..."

सुंदरम्माने तिच्याकडे बघितलेच नाही. ती माझ्याकडे बघत होती. आईही माझ्याकडे बघायला लागली. शिक्षण झाल्यापासून माझे आणि आईचे एकाही गोष्टीत एकमत झाले नव्हते. देवाबद्दल नाही, गंड्यादोऱ्याबद्दल नाही, अगदी पाणी उकळण्याबद्दलही नाही. त्या दुपारी आमचे एकमत झाले. तिला देव विटाळायला नको होता आणि मला प्रयोग.

"न्या ते," मी म्हणालो.

सुंदरम्माने चंबू पुन्हा पदराखाली घेतला आणि ती गेली. थोड्या वेळाने तिच्या घरचे आणि पलीकडच्या बाजूचेही माग बंद झाले. अण्णाला आवाज सोसत नाही म्हणून तिने ते बंद करवले होते, हे मला नंतर कळले.

*

शुक्रवारी सकाळी मला त्याची नाडी मोजता आली नाही. बोटांखाली ठोके होते, पण ते वेगळे करता येत नव्हते. अंग तव्यासारखे तापले होते. तो आता ओरडत नव्हता, नुसते ओठ हलवत होता आणि बोटांनी चादरीवरची अदृश्य लोकर वेचत होता. मी तीन वेळा घड्याळ लावून बघितले. मग वही घेतली आणि धावत निघालो.

ज्या डॉक्टरांकडे गेलो ते वयस्कर होते. दवाखान्यात गर्दी होती. मी वही त्यांच्यासमोर उघडून ठेवली. त्यांनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत शांतपणे वाचली.

"किती पीत होते?"

"रोज एक बाटली. वर शिंदी."

"किती वर्षं?"

"आठ तरी."

"आणि रविवारी एकदम बंद केली."

"हो."

"कुणी सांगितलं?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "नोंदी फार चांगल्या ठेवल्या आहेत तुम्ही," ते म्हणाले. टोमणा नव्हता, ते खरेच तसे म्हणाले. मग त्यांनी चिठ्ठी लिहायला घेतली. "ब्रँडी, एक औंस, पाण्यातून. लगेच. मग दर तीन तासांनी. शांत झोपेसाठी ब्रोमाइड देतो तेही द्या. इथले दोन रोगी बघून मी येतोच."

"ब्रँडी? पण डॉक्टर, मद्यानं तर ग्रंथींचा..."

"मास्तर," ते म्हणाले, "ह्यावर वाद आहेत, मला माहीत आहे. एकदम बंद करावी म्हणणारे मोठे डॉक्टरही आहेत. पण मी तुमच्याशी बोलत बसलो तर तुमचा भाऊ थांबणार नाही."

औषधाच्या दुकानातून मी ब्रँडीची छोटी बाटली घेतली, कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि टांगा केला. बोळाच्या तोंडाशी उतरलो तेव्हा ढोल वाजत नव्हता. माग तर कालपासून बंदच होते. इतका शांत तो बोळ मी कधी ऐकला नव्हता.

आईने त्याचे डोके मांडीवर घेतले होते. कपाळावर भंडारा होता, घामाने ओघळून कानापर्यंत आलेला.

"देव निघाला रं ज्ञानू," ती म्हणाली, "आन् जाताना त्याला संगं घिऊन गेला."

मी खाली बसलो आणि सवयीने त्याचे मनगट धरले. आईला वाटले मी निरोप घेतो आहे. मी सबंध एक मिनिट घड्याळ बघत बसलो.

*

दारू सुरुवातीला त्या ग्रंथींना डिवचते, हे खरे असेल. पण माणूस रोज पीत राहिला की तीच दारू सगळ्या मज्जातंतूंवर हात दाबून बसते, आणि त्या दाबाखाली शरीर आपली धोक्याची घंटा अधिकाधिक जोराने वाजवायला शिकते. मग कुणीतरी तो हात एका झटक्यात काढून घेतो. घंटा मात्र वाजतच राहते, आता तिला दाबणारे कुणी नसते. रस वाहतच राहतो, हृदय पळतच राहते, आणि समोर लांडगा नसल्यामुळे पळून सुटायला जागाही नसते. हे मी कुठे वाचलेले नाही. माझ्या वहीवरून आणि अण्णाच्या बोलण्यावरून मी ते जुळवले आहे. दोन डॉक्टरांना पत्रे लिहिली, दोघांची मते निरनिराळी आली. 'दोन घोट पोटात गेलं की मग गप बसतंय,' असे तो मला पहिल्याच दिवशी म्हणाला होता. मी ते चूक म्हणून दुरुस्त केले.

शुक्रवारी निघालेला निरोप शनिवारी पोहोचला आणि रविवारी कोंडीबा कस्तुरावहिनीला आणि बजाला घेऊन आले. ठरल्याच दिवशी. तो अण्णाचा तिसरा दिवस होता. सकाळी आम्ही राख सावडून आलो होतो. दारात लोक बसले होते, आणि आत आई प्रत्येकाला सांगत होती की माझा लेक दारूनं गेला न्हाय, देवानं नेला. लोक टाकापुढे भंडारा वाहत होते. कोंडीबा अंगणातच मटकन खाली बसले आणि धोतराच्या सोग्याने तोंड झाकून घेतले. बजा त्यांच्या गुडघ्याला धरून उभी राहिली.

वहिनी आत जाऊन आईच्या गळ्यात पडली, पण रडण्याचा आवाज आला नाही. थोड्या वेळाने ती मागच्या दाराने बाहेर आली. मी रांजणापाशी उभा होतो. बोलायचे ते आताच, असे मी ठरवले होते. शब्दही जुळवून ठेवले होते.

"भावजी," ती म्हणाली, "तुमी शिकल्यालं. देवाचं ऱ्हाऊ द्या, त्ये आत्याबाई सांगत्यात. तुमी मला खरं सांगा. प्यालं का त्ये?"

"न्हाय वैनी."

"एक घोटबी?"

"एक थेंबबी न्हाय."

तिने डोळे मिटले. "मागितली आसंल."

"मागितली. गुरुवारी."

"मग?"

"मी दिली न्हाय."

तिने माझ्याकडे बघितले. मला वाटले, तिला कळले. पुढचे वाक्य माझ्या ओठांवर होते. आणि ती, वयाने आणि नात्याने माझ्यापेक्षा मोठी, खाली वाकली आणि तिने माझ्या पायांवर डोके ठेवले. मला पाय मागे घेता आले नाहीत.

"लई उपकार केलं भावजी," ती तशीच म्हणाली. "मला वाटायचं, मी हितं न्हाय म्हटल्यावर त्यास्नी कोण आवरणार? दारूडा म्हणून मेला असता तर पोरीला काय त्वांड दाखवलं असतं मी? आता बजीला सांगीन. तुज्या बापानं शब्द पाळला, आन् तुज्या चुलत्यानं त्यो पाळून घेतला."

ती उठली, पदराने डोळे पुसले आणि माझ्या उत्तरासाठी थांबली.

मी मान डोलावली.